त्यांच्या काट्याच्या दोन घरं अलीकडे

सगुणाकाकी, तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले आणि आपलं भांडण अजून तसंच आहे. तुला नेलं तेव्हा मी ओटीवर उभी होते. बायका रडत होत्या, मी नुसती उभी. कुणीतरी म्हणालं, मुंबईला राहून पोरगी कोरडी झाली. कोरडी कसली, मी चिडलेली होते. नऊ महिने बोलायचं राहिलं, मग एकदाचा यायचा दिवस ठरवला, आणि तू त्याच्या चार दिवस आधी वालाच्या शेंगा सोलता सोलता भिंतीला टेकलीस ती उठलीच नाहीस. असं कुणी करतं का? काम अर्धं टाकायची तुझी पद्धत नव्हती. शेंगांचं सूपसुद्धा अर्धंच राहिलं होतं, ते सुनेने नंतर सोललं.

आधी राग तुझ्यावर होता. टोकावड्याहून परतीच्या एसटीत बसले तेव्हा तो माझ्यावर आला, आणि मुरबाड येईस्तोवर मी खिडकीकडे तोंड करून रडले. शेजारच्या बाईने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

तुझी मी पुतणी, पण वाढले निम्मी तुझ्याकडे. दोन घरांत एकच भिंत. आईला रानातून यायला उशीर झाला की तुझ्या चुलीवरची तांदळाची भाकर माझी. पुढे शिकले, मुंबईला गेले, आणि स्नायूंवर संशोधन करायला लागले. तुला सांगायला आले तर तू विचारलंस, "स्नायू म्हंजे काय गो?" मी तुझा दंड धरला आणि म्हटलं, हे. "मग मास म्हण ना," म्हणालीस, आणि पाणी आणायला निघून गेलीस. दोन हंडे डोक्यावर, एक कमरेवर. तेव्हा तुझी साठी उलटून गेली होती.

आमच्या मॅडमना हेच तर शोधायचं होतं. वय झालं की माणसाचे स्नायू झिजतात, सगळ्यांचेच. पण कुणाचे भराभर जातात, कुणाचे टिकतात. जन्मभर भात लावलेल्या, भारे वाहिलेल्या माणसांचं काय होतं, हे कुणी वर्षानुवर्षं मागे लागून नीट मोजलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दरवर्षी भात झोडून झाला की आम्ही गावोगाव यायचो. शहापूरकडची गावं दुसऱ्या गटाकडे, मुरबाडकडची माझ्याकडे. त्यात आपलंही गाव आलं, आणि तू आणि काका माझ्या वहीतल्या पहिल्याच पानावर आलात.

हाताची पकड मोजायचं ते यंत्र. मूठ आवळायची, काटा किलोच्या घरांवरून फिरतो, जिथवर जाईल तिथे थांबतो. तीनदा दाबायचं, त्यातला मोठा आकडा लिहायचा. तू त्याला सांडशी नाव ठेवलंस आणि सगळ्या गावात तेच झालं. "मंगे, सांडशी आणलीस का?" रस्त्यातच लोक विचारायचे. ओटीवर खुर्ची मांडायची, घर म्हणून घर घ्यायचं, आधी पुरुष मग बाई. हे असं का, ते मी कधी विचारलं नाही. गावात तसंच चालतं, म्हणून तसंच चालवलं.

काका दाबायचे. मी आकडा मोठ्याने सांगायचे. मग तू पदराला हात पुसून बसायचीस, दाबायचीस, तोंड वाकडं करायचीस. मी तुझा आकडा सांगायचे. काका विचारायचे, "हिचा किती?" ऐकून झालं की मान हलवायचे आणि आत जायचे. पहिल्या वर्षी त्यांचा चोवीस, तुझा बावीस. मग त्यांना तो आजार झाला, अंग उतरत गेलं. एकवीस झाला, तुझा एकोणीस. अठरा झाला, तुझा सोळा. पाच वर्षं मी हे माझ्या हाताने लिहिलं. मॅडम म्हणाल्या, बघ, बाईचे स्नायूही नवऱ्याबरोबरच उतरतायत, घरातला ताण असेल, खाणं कमी झालं असेल. मीही मान हलवली. दर वर्षी तू त्यांच्या बरोबर दोन घरं खाली, हे मला दिसलं नाही. मोजायचंच काम माझं, आणि तेच मला दिसलं नाही.

काका गेले. पुढच्या फेरीला तू एकटी बसलीस. मी म्हटलं, काकी, नसेल होत तर राहू दे. तू सांडशी हातात घेतलीस, जरा वेळ तिच्याकडे बघितलंस आणि दाबलीस. काटा पंचवीसवर गेला. मी यंत्र आपटून बघितलं, माझ्या हाताने दाबून बघितलं. पुन्हा तुला दिलं. पुन्हा पंचवीस. सत्तरी पार केलेली बाई, वर्षभरात नऊ किलोने वर.

काकी, तुला कल्पना नाही मुंबईला काय झालं. स्नायू झिजतात हे सगळ्यांना माहीत, पण झिजलेला स्नायू या वयात, औषधाशिवाय, असा परत येतो? मॅडमनी यंत्र दोनदा तपासून घेतलं. मग म्हणाल्या, मंगल, त्या तयार असतील तर मांडीतला एक नमुना घेऊ. तुला विचारायला आले तर तू म्हणालीस, "दाबला हातान, न काढताय मांडीतला?" मी समजावलं की मांडीचा स्नायू मोठा, तिथून घ्यायला सोपं, जागा आधी बधिर करतात, तुकडा भाताच्या दाण्याएवढा. नको असेल तर नाही म्हण, हेही तीनदा सांगितलं. "दाणाच ना, घे," म्हणालीस. तो शिमग्याचा महिना होता, मी तुला गाडीने दवाखान्यात नेलं. जखमेवर पट्टी बांधल्यावर तू डॉक्टरीणबाईला विचारलंस, "तुमी जेवलाव का?" ती बिचारी आठवडाभर ते सांगत होती.

त्याच दिवशी परतताना आपण टोकावड्याच्या धाब्यावर गाडी थांबवली. तू बशीत चहा ओतलास. मी विचारलं, काकी, एक सांग, काका गेल्यावर तुझ्यात एवढी ताकद आली कुठून? तू फुंकर मारलीस आणि म्हणालीस, "आली कुठं? व्हतीच की."

मला कळेना. तू एखाद्या लहान पोरीला सांगावं तसं सांगितलंस. "यांचा काटा कुठं थांबला ते बघायची, न त्याच्या दोन घरं आलीकडं थांबायची. यांच्याम्होरं त्यांच्यापरीस जास्ती कशी दाबू?"

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय, आणि तुलाही आठवत असणार. पाच वर्षं मला येड्यात काढलंस, म्हणाले. "तुला नाय गो, त्या सांडशीला," तू म्हणालीस. मी आणखीच भडकले. तू एकटी नसशील, सगळ्याच बायका असंच करत असतील, म्हणजे पाच वर्षांचा सगळा कागद रद्दी, आता मॅडमना काय तोंड दाखवू, आमच्या कामाची माती केलीस तू. हे मी तुला म्हणाले. मांडीला पट्टी बांधलेल्या माझ्या काकीला, भर धाब्यावर, ड्रायव्हरच्या देखत.

तू बशी खाली ठेवलीस. "तुझा काम तुझ्यापाशी," म्हणालीस. "मला घरात नांदायचा व्हता." नंतर घर येईस्तोवर एक शब्द नाही. मी गाडीतून उतरलेसुद्धा नाही.

मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग टेबलावरची वही ओढून तुझ्या आणि काकांच्या आकड्यांवर शेजारी शेजारी बोट फिरवत खाली आल्या. म्हणाल्या, मंगल, हे आपल्याला दिसायला हवं होतं. त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला, चाचणीच्या वेळी समोर कोण होतं. आणि ठरवलं, पुढच्या फेरीत प्रत्येक बाईला एकटीला घ्यायचं, शाळेच्या खोलीत, दार लावून. मीही तोवर तुझ्याकडे फिरकायचं नाही असं ठरवलं. तुझा लेक, आपला दादा, फोनवर म्हणायचा, आई तुझी चौकशी करते. मी म्हणायचे, कामात आहे.

कामात होतेच. तुझ्या त्या दाण्याचं काम. आता हे सांगते ते तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, ऐक. स्नायूचा एकेक तंतू केसापेक्षा बारीक असतो. त्याच्या आवरणाखाली, अगदी चिकटून, काही पेशी निजलेल्या असतात. वर्षानुवर्षं काहीच करत नाहीत. स्नायूला इजा झाली, फाटला, की त्या जाग्या होतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात, आणि फाटलेलं सांधतात. सगळ्याच त्यात खर्ची पडत नाहीत. काही परत जाऊन निजतात, पुढच्या खेपेसाठी. हे मी पुस्तकात वाचलेलं, विद्यार्थ्यांना शिकवलेलं. वय झालं की त्या कमी होतात आणि उठायला वेळ लावतात, हेही शिकवलेलं.

तुझ्या पेशी मी बशीत ठेवल्या. आमचीही बशीच असते, काचेसारखी, चपटी. पहिले दिवस काहीच नाही. शेजारी एका तरुण मुलाच्या पेशी होत्या, त्या लगेच कामाला लागल्या. तुझ्या गोल होऊन पडून राहिल्या. मी रोज सकाळी आधी तुझी बशी बघायचे आणि मनात तुझ्यावर चिडायचे, की इथेही काटा दोन घरं अलीकडेच का? पाचव्या दिवशी दोन हलल्या. मग पसरल्या, लांबट झाल्या, वाढत गेल्या. बशी भरत आली की त्यांचं अन्न कमी करायचं असतं. अन्न कमी झालं की त्या वाढायचं सोडतात, एका रांगेत येतात आणि एकमेकींत मिसळून एक लांब तंतू होतात. तू म्हणाली असतीस, उपाशी ठेवल्यावरच एक व्हतात व्हय. मी तुझं ते ऐकलं, सूक्ष्मदर्शकासमोर बसून, स्पष्ट.

मग एके दिवशी आम्ही त्यांना विजेचा अगदी हलका झटका दिला आणि ते तंतू आखडले. सोडलं, सैल झाले. पुन्हा दिला, पुन्हा आखडले. कल्याणपल्याड मुंबईच्या एका खोलीत, तू घरी उन्हात कैऱ्या चिरत बसली असशील तेव्हा, तुझ्या मांडीतलं ते मास आवळत होतं आणि सुटत होतं. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून किती वेळ बसले कोण जाणे. देवळात मला कधी हात जोडावेसे वाटत नाहीत, तुला माहीत आहे. त्या दिवशी जोडले. वाटलं, आत्ता उठून काकीकडे जावं आणि सांगावं. मोबाईल हातात घेतलासुद्धा. मग तुझं ते "तुझा काम तुझ्यापाशी" आठवलं आणि ठेवून दिला. एवढी मोठी गोष्ट बघितली आणि एवढासा अहंकार गिळता आला नाही.

अजून एक केलं, तेही तुला सांगायचं होतं. सांडशी घेतली आणि काट्याला एका घरावर थांबवायला गेले, तू थांबवायचीस तसा. जमेना. एकदा पुढे, एकदा मागे, हात थरथरायला लागला. पूर्ण दाबणं सोपं आहे, कुणालाही जमतं. नको तिथे एक घरही पुढे जायचं नाही, तीनदा तेच, आणि वर तोंड वाकडं करून दमल्याचं दाखवायचं, हे मला दिवसभर प्रयत्न करून जमलं नाही. मॅडमनी बघितलं, त्यांनीही करून बघितलं, आणि सांडशी खाली ठेवून म्हणाल्या, बाप रे.

मग मला गोडेतेलाचा डबा आठवला. मी सात-आठ वर्षांची असेन. तू डबा पदराखाली धरलास, झाकण पिळून सैल केलंस, आणि तसाच काकांपुढे नेलास. "उघडतच नाय, तुमी बघा." काकांनी एका झटक्यात उघडला आणि हसले. मी चुलीपाशी बसून सगळं बघितलं होतं. तेव्हाही मला कळलं नाही आणि एवढं शिकून आल्यावरही नाही.

फेरी तुझ्या तेराव्यानंतर ठेवली. परवा झाली. शाळेची खोली, दार लोटलेलं, आत मी आणि एकेक बाई. माझं मन लागत नव्हतं. पहिली बाई आली, बसली, सांडशी अशी आवळली की मी आकडा दोनदा वाचला. दुसरी तशीच. तिसरीही. आजवर कण्हत कण्हत दाबणाऱ्या बायका. मी विचारलं, यंदा काय झालंय तुम्हाला? तिसरी म्हणाली, "सगुणाकाकीनं सांगून ठेवलाय ना."

मला आधी समजलंच नाही. खालच्या आळीतल्या द्वारकावहिनी आल्या तेव्हा त्यांना बसवून घेतलं आणि सगळं विचारलं. म्हणाल्या, "धाब्यावरून आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी निंगाली. मांडी दुखत व्हती तरी. घरोघर. म्हणं, मंगी यंदा सांडशी आनील तवा पुरता दाबायचा. मी केला तसा करायचा नाय, पोरीचा काम खोटा पडतंय."

मी म्हटलं, माझ्यावर चिडली होती ना ती? "चिडलेली व्हती की," वहिनी म्हणाल्या. "पन तुझा काम म्हनून सांगत व्हती. आनि म्हनली, मी काय भ्यायले नव्हते गो कुणाला. म्हाताऱ्याच्या हातातला एकेक सुटत चालला व्हता. बैल गेला, नांगर गेला, चालना गेला. तेवढा एक तरी त्याच्याकं ऱ्हाऊ दे, म्हटला."

हे तू मला का नाही सांगितलंस? मी उतरले असते गाडीतून. मी तुझ्या पाया पडले असते, काकी. मी तुला घरात नांदायचं होतं एवढंच ऐकलं आणि वाटलं, भीतीपोटी. मी इतकी शिकलेली, इतकी शहाणी, माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. माझं चुकलं. भर धाब्यावर बोलले तसं भर ओटीवर म्हणायचं होतं. आता इथे म्हणते, माझं चुकलं.

वहिनी सांडशी दाबायला बसल्या तेव्हा त्यांचे यजमान दारात येऊन उभे होते. मी म्हटलं, भाऊ, जरा बाहेर थांबता का. वहिनी म्हणाल्या, "ऱ्हावू दे त्यांना. बघू दे." आणि दाबली. काटा भाऊंच्या सकाळी घेतलेल्या आकड्याच्या पुढे गेला, चांगला तीन घरं. मग भाऊ म्हणाले, "मंग उद्यापासून भारा तूच उचल." वहिनी पदराला हात पुसत म्हणाल्या, "आजपोत कोन उचलत व्हता?" भाऊ हसले, मीही हसले, आणि तू गेल्यापासून मी पहिल्यांदा हसत होते. त्यांच्या फॉर्मवर नव्या रकान्यात मी लिहिलं, पती समोर होते.

तू गेलीस आणि तुझ्या त्या पेशी अजून आहेत. आम्ही त्या फार थंड ठेवल्यात, निजवून. ऊब दिली की उठतील. हे दादाला कसं सांगावं ते मला उमगत नव्हतं, पण काल सांगितलं. तो म्हणाला, "तिला कामाबिगर बसवत नाय. पडून ऱ्हायली असंल तर चिडली असंल." त्याने त्या राहू द्यायला परवानगी दिलीय.

आज वही घेऊन बसलेय. जुने आकडे चुकीचे, म्हणून ते खोडायचे आणि कारण लिहायचं, असं ठरलंय. बाकीच्या बायकांचे खोडले. तुझ्या पानापाशी आले आणि पेन थांबलं. बावीस, एकोणीस, सोळा. मॅडमना फोन केला. म्हटलं, मला हे खोडता येणार नाहीत, हे चुकीचे नाहीत, आपण मोजत होतो ते वेगळं आणि ती करत होती ते वेगळं. त्या म्हणाल्या, मग जे खरं असेल ते लिही. म्हणून आकडे तसेच ठेवलेत. शेवटच्या रकान्यात लिहिलंय, "पती समोर होते. पूर्ण ताकद लावलेली नाही. काटा हवा तिथे थांबवला." आणि खाली सही केलीय, मंगल, हिची पुतणी.